वधूवस्त्र, व्याधी आणि शिंप्याची ‘माया’

आपल्या ज्ञातीच्या वार्षिक अंकात श्रीनामदेवमहाराजांचे चरित्र, ज्ञातीतील कर्त्या स्त्रीपुरुषांचा परिचय, विद्यार्थ्यांचा गौरव आणि वधूवरांची यादी असा मजकूर आपण प्रतिवर्षी आदराने वाचीत आलो आहोत. परंतु ज्या सुईदोऱ्यावर आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या संसार केले, त्या सुईदोऱ्याचा इतिहास आपल्या हातून क्वचितच लिहिला जातो. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाची एक लहानशी घडी उलगडण्याचा आमचा विचार आहे. विषय दिसावयास घरगुती आहे. आजारामुळे जिचे अंग कधी भरते, कधी वाळते, अशा मुलीने लग्नात कोणते वस्त्र घालावे आणि शिंप्याने ते कसे शिवावे, एवढाच तो प्रश्न. मात्र त्याचा माग काढीत गेले असता वधूवस्त्राचा सारा इतिहासच आपल्यापुढे उभा राहतो. आणि त्या इतिहासातच या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे, असे आमचे मत झाले आहे.

आरंभ अगदी प्राचीन काळापासून करू. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील पंचाऐंशीव्या सूक्तात सूर्येच्या विवाहाचे वर्णन आहे. त्यात वधूच्या वस्त्राला ‘वाधूय’ असे स्वतंत्र नाव आढळते. पुढे गृह्यसूत्रांच्या काळी वराने वधूला नवे वस्त्र नेसावयास द्यावे असा विधी सांगितला गेला. पारस्कर गृह्यसूत्रात हे वस्त्र देताना म्हणावयाचा जो मंत्र आहे, त्यात वधू वृद्धत्वापर्यंत जगो, अशी प्रार्थना आहे. सुज्ञ वाचकांनी या गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. वधूवस्त्राशी आपल्या परंपरेने जोडलेली इच्छा दीर्घायुष्याची आहे; कंबर किती बारीक दिसते याची त्या मंत्राला काहीच पर्वा नाही. असे वस्त्र नवे व अखंड असावे, त्याला कातर लागलेली नसावी, ही भावना आजही आपल्या धर्मकृत्यांत टिकून आहे.

याचा अर्थ शिवलेले कपडे आपल्याकडे नव्हतेच असा मात्र नव्हे. अमरकोशात शिंप्याला ‘तुन्नवाय’ व ‘सौचिक’ अशी दोन नावे दिली आहेत. म्हणजे आपला व्यवसाय त्या काळी चांगलाच रूढ होता. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील भित्तिचित्रात बाह्यांचे शिवलेले वस्त्र ल्यालेली नर्तकी आजही पाहावयास मिळते. तात्पर्य, शिवण होती आणि शिंपीही होता. तरीही मंगलकार्याचे मुख्य वस्त्र मात्र न शिवलेलेच राहिले.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. आपल्या आज्यापणज्यांचे लग्नातील मुख्य वस्त्र म्हणजे लुगडे. लग्नविधीच्या वेळी नेसावयाचे पिवळे सुती वस्त्र पुष्कळ घरी मामाकडून येई. त्याला कोठे ‘अष्टपुत्री’ म्हणत, कोठे नुसतेच ‘मामाची पिवळी’ म्हणत. ऐपत असेल त्या घरी येवल्या-पैठणची पैठणी किंवा बनारसी शालू बस्त्यात बांधला जाई. परंतु पिवळी काय, पैठणी काय अथवा शालू काय, कोणत्याही वस्त्राला वधूचे माप लागत नसे. नऊ वार कापड कंबरेशी गाठ मारून, कासोटा घालून नेसले की झाले. अंग भरले तर निऱ्या दोन कमी पडत, वाळले तर दोन अधिक पडत; पाहणाऱ्याला फरक कळतही नसे. नेसणारीच्या देहाप्रमाणे वस्त्र दररोज नव्याने बेतले जाई आणि रात्री त्याची पुन्हा सपाट घडी होई.

राहिली चोळी. ती मात्र शिवावीच लागे, आणि येथेच आपल्या पूर्वजांचे चातुर्य दिसून येते. गुळेदगुड्डच्या खणाची चोळी शिवताना खणाचे काठ बाहीच्या टोकाशी येतील असे कापड बेतीत आणि चोळीची दोन टोके पुढे मोकळी सोडीत. ती टोके छातीखाली एकमेकांत गाठ मारून बांधावयाची. हिलाच आपण गाठीची चोळी म्हणतो. तिला बटण नाही, आकडा नाही, काजे नाही. गाठ एक बोट अलीकडे मारली की चोळी सैल, एक बोट पलीकडे मारली की आवळ. बाळंतिणीला तीच, दुखण्यातून उठलेलीला तीच, आणि अंगाने भरलेल्या सासुरवाशिणीलाही तीच. शिंप्याने एकदा शिवून दिलेल्या वस्त्राचे माप रोज सकाळी ठरविण्याचा अधिकार त्या गाठीने बाईच्या स्वतःच्या हाती ठेवला होता.

आपल्या रीतिभातींतही हाच विचार भरलेला दिसतो. सवाशिणीची ओटी आपण खणनारळाने भरतो. ओटीत शिवलेली चोळी घालण्याची रीत नाही. बिनशिवलेला खणच घालतात. देणारीने कापड द्यावे आणि घेणारीने आपल्या अंगाप्रमाणे ते शिवून घ्यावे, हा त्यातील अर्थ. दुसरीचे माप आपण ठरवू नये, हा केवढा सभ्यपणा या साध्या रीतीत आहे!

त्या काळी आणखी एक गोष्ट होती, तिचाही उल्लेख प्रामाणिकपणे करावयास हवा. वधू बहुधा बालवयाची असे. आठदहा वर्षांची पोर बोहल्यावर उभी राही आणि लग्नानंतर वर्षानुवर्षे तिचे अंग वाढतच असे. तिला मापाचे वस्त्र शिवणे हा शुद्ध वेडेपणाच ठरला असता. सन १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ वर्षे ठरविले आणि तो कायदा १९३० च्या एप्रिलपासून अमलात आला. पुढे १९७८ च्या दुरुस्तीने ते वय १८ वर्षे झाले. वधू मोठी झाली, शिकली, हे आपले भाग्यच. पण त्याबरोबर पूर्ण वाढलेल्या शरीराचे नेमके माप घेणे शक्य झाले, आणि नेमके बसणारे वस्त्र हवे ही आवडही वाढली.

या आवडीला यंत्राची जोड मिळाली. एलिअस हाऊ याने १८४६ साली आणि आयझॅक सिंगर याने १८५१ साली अमेरिकेत शिवणयंत्राचे पेटंट घेतले. पुढे ही यंत्रे आपल्या देशातही आली आणि आपल्या पुष्कळ घरांतील ओसरीवर पायाने चालविण्याचे यंत्र धडधडू लागले. हाताने दिवसभर घालावयाचे टाके घटकाभरात पडू लागले. त्याच सुमारास स्त्रियांच्या पोशाखातही पालट होत होता. सत्येंद्रनाथ ठाकूर हे सनदी नोकरीनिमित्त मुंबई इलाख्यात आले, तेव्हा त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनीदेवी यांनी पारशी स्त्रियांची साडी नेसण्याची पद्धत पाहून आपल्या पोशाखात सुधारणा केली आणि साडीबरोबर शिवलेली पोलकी व परकर घालण्याची रीत बंगाली सुशिक्षित घराण्यांत नेली, हे प्रसिद्धच आहे. आपल्याकडेही लुगड्याच्या जागी गोल पातळ आले, त्याखाली परकर आला आणि गाठीच्या चोळीच्या जागी बटणांचे पोलके व पुढे आकड्यांचा ब्लाउज आला. टक्स आले, कटोरी आली, मुंढ्याचा बाक अचूक कापला जाऊ लागला. हे सर्व आपल्या व्यवसायाचे वैभव होय, ते आम्ही नाकारीत नाही. परंतु या वैभवाच्या भरात एक वस्तू नाहीशी झाली. ती वस्तू म्हणजे गाठ. माप बाईच्या हातून निघाले आणि शिंप्याच्या वहीत जाऊन बसले.

इतिहासाचा योग असा की, ज्या काळात चोळीची गाठ सुटली, त्याच काळात वैद्यकाने रोग्याच्या शरीरात नवे चढउतार उत्पन्न केले. पूर्वी दीर्घ आजार बहुधा माणसाला वाळवीत असे. क्षयाचे दुसरे नावच मुळी झिजणे! रॉबर्ट कॉख याने १८८२ साली क्षयाचा जंतू शोधला, पण त्यावरील परिणामकारक औषध स्ट्रेप्टोमायसिन हे १९४३ साली हाती आले. मद्रासेत १९५६ साली सुरू झालेल्या क्षयसंशोधन केंद्राने असे दाखवून दिले की, औषधे नियमित घेतल्यास रोगी घरी राहूनही आरोग्यधामातल्याइतकाच बरा होतो. बरा होणारा रोगी अंगाने भरू लागतो. म्हणजे साखरपुड्याला घेतलेले माप हळदीपर्यंत टिकेनासे झाले. आणि ही आनंदाचीच गोष्ट होती.

हीच कथा इतर व्याधींची. कंठग्रंथीचा म्हणजे थायरॉइडचा स्राव कमी पडला तर वजन वाढते व अंग सुजल्यासारखे होते. तो अधिक झाला तर माणूस खाऊनपिऊन वाळतो. जॉर्ज मरे या इंग्रज वैद्याने १८९१ साली मेंढीच्या ग्रंथीचा अर्क देऊन पहिल्या प्रकारच्या रोग्यास बरे केले. लहान वयातील मधुमेहात शरीर झपाट्याने झडते. १९२२ साली टोरांटो येथे इन्शुलिन प्रथम टोचले गेले आणि हाडांचे सापळे झालेली मुले पुन्हा बाळसे धरू लागली. कॉर्टिसोन हे औषध १९४८ साली अमेरिकेत संधिवाताच्या रोग्यावर प्रथम वापरले गेले. त्या संशोधनास १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. या जातीची औषधे, ज्यांना आपण सर्रास स्टेरॉइड म्हणतो, मूत्रपिंडाच्या, सांध्यांच्या, दम्याच्या व इतर कित्येक रोगांत जीव वाचवितात. पण त्यांच्या दीर्घ सेवनाने चेहरा वाटोळा होतो, पोट व पाठ भरते, आणि दंड व मांड्या मात्र बारीक होऊ शकतात. मात्रा कमी झाली की हे पुन्हा हळूहळू ओसरते. अशा मुलीचे माप सहा महिन्यांत दोनदा पालटले तर तो तिचा आळस नव्हे, की तिच्या जिभेचा दोष नव्हे. तो तिच्या उपचाराचा भाग होय.

येथे आम्हास आमच्या वडिलांच्या दुकानातील एक प्रसंग आठवतो. नाशिक जिल्ह्यातील एका बाजारगावी आमचे दुकान होते. मार्गशीर्षात एका मुलीच्या लग्नाच्या चोळीचे माप म्हणून तिच्या आईने मुलीची जुनी चोळी आणून दिली. मापाची चोळी द्यावी व त्यावरून नवी शिवावी, ही आपल्याकडील नित्याची चाल. फाल्गुनात मुलगी स्वतः चोळी घालून पाहावयास आली, तेव्हा आकडे जवळजवळ चार बोटे दूर राहिले. मुलीला मूत्रपिंडाचा आजार होता व त्यावर स्टेरॉइडच्या गोळ्या चालू होत्या, हे तेव्हा कळले. आई रडू लागली. मुलगी शांतपणे म्हणाली, “काका, चोळी अशीच राहू द्या. मी आजपासून गोळ्या बंद करते. लग्नापर्यंत बसेल.”

वडिलांनी हातातील कातर खाली ठेवली. ते म्हणाले, “ताई, पोरीला कापडात बसवायचं नसतं, कापड पोरीला बसवायचं असतं. आधी हिला डॉक्टरांकडे घेऊन जा आणि गोळ्यांचं विचारा. चोळीचं माझ्याकडे लागलं.” डॉक्टरांनी मायलेकींना बजावून सांगितले की, या गोळ्या एकाएकी बंद केल्यास शरीर कोसळते व प्रसंगी जिवावर बेतते, मात्रा कमी करावयाची ती वैद्याच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने. इकडे वडिलांनी बाजूच्या शिवणी उसवल्या, आत राखलेली माया सोडली, पुढचे आकडे काढून टाकले आणि खणाच्या उरल्या तुकड्यांची टोके जोडून ती गाठीची चोळी केली. मुलगी त्याच चोळीत बोहल्यावर उभी राहिली. दोन वर्षांनी ती चोळी आत घेण्यासाठी पुन्हा आमच्याकडे आली, कारण औषध उतरले होते व मुलगी सुखरूप होती. त्या दिवशी वडिलांनी शिलाई घेतली नाही.

शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड आपण राखतो, त्याला आपल्या धंद्यात ‘माया’ म्हणतात. ज्या कोणा पूर्वजाने हा शब्द प्रथम योजला, तो थोर खरा. बाहेरून न दिसणारी, गरज पडेल तेव्हा उपयोगी येणारी, माणसाला जागा करून देणारी जी वस्तू, तिचे नाव माया! हल्ली कापड वाचविण्यासाठी किंवा शिवण सुबक दिसावी म्हणून ती कापून टाकण्याकडे कल दिसतो. आजारी वधूच्या वस्त्राबाबत तरी हा कल आपण आवर्जून टाळला पाहिजे.

आणखी एक पालट नमूद करावयास हवा. नऊवारीचा थाट हल्ली पुन्हा वाढला आहे, ही आनंदाची गोष्ट. पण ती नऊवारी आता शिवून मिळते. निऱ्या, कासोटा, पदर सर्व जागच्या जागी शिवलेले, कंबरेला आकडा. नेसण्याचे कष्ट वाचतात हे खरे. तथापि जे एकच वस्त्र कोणत्याही अंगाला हरकत घेत नव्हते, तेही अशा रीतीने मापात अडकले, हे विसरू नये. लेहंग्याचीही गोष्ट तीच. त्याला नाडी असेल तर तो निभावतो, नुसती साखळी असेल तर अडतो.

इतिहासापासून काही शिकावयाचे असेल तर ते व्यवहारात उतरले पाहिजे. म्हणून आमच्या अल्प अनुभवाप्रमाणे काही गोष्टी ज्ञातिभगिनींपुढे व व्यवसायबंधूंपुढे ठेवतो. ज्या मुलीचे वजन आजारामुळे हलते, तिने विधीसाठी न शिवलेले वस्त्रच निवडावे. मामाची सुती पिवळी सर्वांत उत्तम. ती हलकी असते, घाम टिपते आणि शास्त्राला तेवढी पुरते. जड जरीचा शालू हवाच असेल तर तो स्वागतसमारंभात थोडा वेळ नेसावा. अशक्त मुलीच्या खांद्यावर तो दिवसभर लादू नये. शिवलेली नऊवारी घ्यावयाची असेल तर कंबरेला आकड्याऐवजी नाडी घालून घ्यावी.

चोळीसाठी जुनी मापाची चोळी देऊ नये; मुलीचे प्रत्यक्ष माप घ्यावे. एक माप कापड बेतताना व दुसरे लग्नापूर्वी आठदहा दिवस घ्यावे आणि पक्की शिवण दुसऱ्या मापानंतरच मारावी. दंड, छाती व कंबर यांची मापे वेगवेगळी धरावीत, कारण आजारात सर्व अंग सारख्या प्रमाणात पालटत नाही. ज्यांच्या अंगावर सूज येते, त्यांची सकाळची व संध्याकाळची स्थिती भिन्न असते. म्हणून मुहूर्ताच्या वेळेला अनुसरून माप घ्यावे.

शिवताना बाजूच्या प्रत्येक कडेला दीड इंच माया राखावी. दोन बाजू व प्रत्येकीच्या दोन कडा मिळून चार कडा होतात. प्रत्येकीतून एक इंच सोडला तरी अर्धा इंच शिवणीत उरतो आणि चोळी चार इंच वाढते. बाही आधी खांद्याला जोडून मग बाही व बाजू एकाच शिवणीत घ्यावी, म्हणजे उसविताना मुंढ्यापाशी अडत नाही. अस्तरालाही तितकीच माया ठेवावी, नाही तर वरचे कापड सुटते आणि अस्तर आवळते. जरीच्या कापडावर जुन्या टाक्यांची भोके दिसतात; तेथे प्रथम कच्चा धावदोराच घालावा. पाठीमागे आकड्यांऐवजी दोरी ओवून आतून पट्टी लावावी, म्हणजे लग्नाच्या सकाळीही चोळी सैल वा आवळ करता येते. ही दोरी म्हणजे आपल्या आजीची गाठच पाठीमागच्या बाजूने परत आलेली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

सर्वांत महत्त्वाचे हे की, वस्त्रासाठी औषध थांबवू नये. थायरॉइडच्या गोळ्या, इन्शुलिन, स्टेरॉइड यांत लग्नसराईपुरता फेरफार करण्याचा मोह काही मुलींना होतो, आणि “जरा बारीक हो” असे सहज बोलून घरचीच माणसे त्या मोहाला खतपाणी घालतात. हे बोलणे आपल्या घरांतून बंद झाले पाहिजे. तसेच वधूवरांच्या बोलणीत आजार लपवू नये. सुरकुती न पडलेल्या ब्लाउजखाली लपविलेला आजार लग्नानंतर दोन्ही घरांना जड जातो. उघडपणे सांगितलेला आजार दोन्ही घरे मिळून सांभाळतात. बस्ता बांधावयास जाताना भावी सासूबाईंनी सुनेला “तुला काय सोसवेल?” एवढे विचारले, तर त्या एका प्रश्नाने पैठणीपेक्षा मोठा मान तिला मिळेल.

श्रीनामदेवमहाराज जातीने शिंपी. त्यांनी आपला गज आणि आपली कातर परमार्थाच्या उपमेस लावली आणि आपल्या हत्यारांना कायमची प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ज्ञातीने हातातील गज केवळ कापड मोजण्यासाठी वापरावा, माणूस मोजण्यासाठी वापरू नये, एवढीच आमची नम्र विनंती आहे. वधूला वस्त्र देताना आपल्या प्राचीनांनी तिला दीर्घायुष्य चिंतिले. ती चिंतना आपल्या शिवणीतून पुढे चालविणे हे आपले कुलकर्म होय. माप पालटेल, फॅशन पालटेल. शिवणीच्या आत माया तेवढी असू द्यावी.

इत्यलम्‌.